पडद्यामागील लेखणी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही नगरे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर वसलेली आहेत. १८५३ साली मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढील वर्षी हा लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून येथील माणसांचा दिवस गाडीच्या वेळापत्रकाशी जखडला गेला. परंतु अशा धावपळीतही या नगरांनी नाटकासाठी आवर्जून जागा राखली. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन आहे. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. या तीन नावांत एक साम्य आहे. गडकरी हे थोर नाटककार होते. अत्रे हे नाटककार, पत्रकार आणि चित्रपटकार होते. सावित्रीबाई या स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी तर होत्याच, शिवाय १८५४ साली ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या कवयित्रीही होत्या. तिघांच्याही हाती लेखणी होती, आणि तिघांचीही नावे आज दारावर मोठ्या अक्षरांत झळकत आहेत.

नाटकाचा प्रयोग लागला, की जाहिरातीत नाटकाच्या नावाबरोबर नाटककाराचेही नाव येते. ही मराठी रंगभूमीची जुनी रीत होय. चित्रपटाच्या बाबतीत मात्र निराळा अनुभव येतो. चित्रपट पाहून घरी परतलेल्या मुलास नटांची नावे विचारली, तर तो ती भराभर सांगतो. गाणी कोणी गायिली, हेही त्यास ठाऊक असते. परंतु ती कथा कोणी रचली, पात्रांच्या तोंडची वाक्ये कोणी लिहिली, असे विचारताच तो गोंधळून जातो. लेखकाचे नाव पडद्यावर आलेले असते. पण ते क्षणभर दिसते आणि निघून जाते. आकाशवाणीवरील श्रुतिका आणि दूरचित्रवाणीवरील मालिका लिहिणाऱ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. अशा लेखकांचे काम लोकांच्या नजरेस यावे, म्हणून जगात ठिकठिकाणी दरवर्षी पुरस्कार दिले जातात. हे पुरस्कार कसे सुरू झाले आणि त्यांची गरज का पडली, हे समजून घेण्यापूर्वी या लेखनाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

चित्रपट प्रथम कागदावर तयार होतो. त्याच्या लेखनाची मुख्यतः चार अंगे असतात. कोणाच्या आयुष्यात काय घडले, हे सांगते ती कथा. ती कथा पडद्यावर कोणत्या क्रमाने, कोणत्या स्थळी आणि कोणत्या दृश्यांतून दिसावी, हे ठरविते ती पटकथा. पात्रे जे बोलतात ते संवाद, आणि गातात ती गीते. ही चारही अंगे कधी एकच लेखक सांभाळतो, तर कधी चौघेजण वाटून घेतात. घर बांधताना गवंडी, सुतार, रंगारी असे अनेक कारागीर लागतात, पण आराखडा आधी काढावा लागतो. पटकथा हा चित्रपटाचा आराखडाच होय.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे उदाहरण घ्यावे. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना एकेका रात्री आईची एकेक आठवण सांगतो. पुस्तकात हे फार शोभते, कारण वाचक मनोमन श्यामजवळ जाऊन बसतो. परंतु पडद्यावर एक मनुष्य बसून सतत बोलतच राहिला, तर प्रेक्षक कंटाळून जातील. म्हणून पटकथा लिहिणाऱ्यास सांगितलेले सारे दाखवावे लागते. स्नान झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये, म्हणून श्याम आईला धोंड्यावर पदर पसरावयास सांगतो, असा एक प्रसंग पुस्तकात आहे. पायांना घाण लागू नये म्हणून जसा जपतोस, तसाच मनालाही जप, असा उपदेश आई त्यास करते. पडद्यासाठी हा प्रसंग लिहावयाचा, तर कितीतरी प्रश्न पुढे उभे राहतात. आधी मुलाचा हट्टी चेहरा दाखवावा, की धोंड्यावर पसरलेला पदर? आईने लगेच बोलावे, की क्षणभर थांबावे? उपदेशाची वाक्ये किती असावीत? एक वाक्य अधिक झाले, तर उपदेश रुक्ष होईल. एक कमी पडले, तर अर्थ निसटेल. हा तोल सांभाळणे हेच पटकथाकाराचे कौशल्य होय.

साधन बदलले, की लेखनाची रीतही बदलते. पावसाळ्यातील एका रात्री कल्याणच्या फलाटावर एक मुलगा वडिलांची वाट पाहत उभा आहे, अशी कल्पना करावी. गाडीला उशीर झाला आहे. चित्रपटाचा लेखक येथे कदाचित एकही शब्द लिहिणार नाही. भिजलेला फलाट, घड्याळाचे काटे आणि मुलाच्या हातातील मिटलेली छत्री एवढे दाखवून तो मुलाची काळजी प्रेक्षकांच्या मनात उतरवील. श्रुतिका लिहिणाऱ्याजवळ ही सोय नाही. श्रोत्यास काहीच दिसत नाही. त्याने पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज, उशिराची घोषणा आणि गाडी न थांबता निघून गेल्याचा खडखडाट यांची योजना करावी, मग मुलाच्या तोंडी दोन शब्द घालावेत. दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या लेखकापुढे आणखी वेगळी अडचण असते. त्याची गोष्ट भागाभागांनी चालते. आजचा भाग संपताना वडील गाडीतून उतरले की नाही, हे त्यास उद्यासाठी राखून ठेवावे लागते. घटना एकच, पण लेखन तीन तऱ्हांचे. म्हणूनच या लेखनाची पारखही साधन ओळखून करावी लागते.

आता पुरस्कारांचा इतिहास पाहू. ज्यांचे नाव कल्याणच्या रंगमंदिरास दिले आहे, त्या आचार्य अत्रे यांचे नाव त्याच्या पहिल्याच पानावर येते. अत्रे हे चित्रपटलेखनात मुरलेले होते. १९३८ साली गाजलेला ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. साने गुरुजींच्या पुस्तकावरून त्यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला आणि तो १९५३ साली प्रदर्शित झाला. पुढील वर्षी भारत सरकारने उत्तम चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पहिल्याच वर्षी संपूर्ण देशातील सर्वोत्कृष्ट कथाचित्र म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास. त्यानंतरच्या वर्षीच्या चित्रपटांतून अत्रे यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. डोंबिवलीच्या नाट्यगृहास ज्यांचे नाव आहे, त्या सावित्रीबाईंच्या घरचीच ती कथा होती.

त्या सुवर्णपदकाने मराठी माणसाची मान उंचावली. तथापि हे पदक संपूर्ण चित्रपटास होते. लेखनासाठी स्वतंत्र पुरस्कार त्या वेळी नव्हताच. १९५४ साली एका चित्रपटविषयक नियतकालिकाने ‘फिल्मफेअर’ पुरस्कार सुरू केले, त्यांतही प्रथम चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार असे पाचच मानकरी होते. लेखकाचा त्यांत समावेश नव्हता. दुसऱ्या वर्षी कथेचा पुरस्कार आला. राष्ट्रीय पुरस्कारांत पटकथेस स्वतंत्र स्थान मिळावयास १९६७ सालचे चित्रपट यावे लागले. म्हणजे पहिल्या सुवर्णपदकानंतरही पटकथा लिहिणाऱ्यास बरीच वर्षे वाट पाहावी लागली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्य शासनानेही मराठी चित्रपटांसाठी पुरस्कार ठेवले आणि त्यांत कथा, पटकथा, संवाद व गीते यांचा वेगवेगळा विचार होऊ लागला.

असा वेगळा विचार का आवश्यक आहे, हे ‘मंथन’ या चित्रपटावरून कळते. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९७६ सालचा हिंदी चित्रपट गुजरातमधील दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवर आधारलेला आहे. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचा खर्च उचलला होता. त्याची पटकथा मराठी नाटककार विजय तेंडुलकर यांनी लिहिली, तर संवाद उर्दू कवी कैफी आझमी यांनी लिहिले. तेंडुलकरांना या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट गुजरातच्या खेड्यातला, भाषा हिंदी, आणि आराखडा मराठी लेखकाचा. पटकथेस स्वतंत्र पुरस्कार नसता, तर हे श्रेय किती जणांच्या ध्यानात आले असते?

पुढे २००९ सालच्या पुरस्कारांपासून स्वतंत्र पटकथा, रूपांतरित पटकथा आणि संवाद असे तीन विभाग करण्यात आले. ‘मी सिंधुताई सपकाळ’ या २०१० सालच्या मराठी चित्रपटाच्या रूपांतरित पटकथेबद्दल अनंत महादेवन व संजय पवार यांचा गौरव झाला, आणि संवादांबद्दल संजय पवार यांना पुरस्कार मिळाला. २०११ सालच्या ‘देऊळ’ या चित्रपटाच्या संवादांसाठी गिरीश कुलकर्णी यांना असाच मान लाभला. त्याच चित्रपटातील अभिनयासाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही विशेष गोष्ट होय.

परदेशांतही लेखकाच्या वाट्याला सहजासहजी मान आला, असे नाही. अमेरिकेत १९२९ साली ऑस्कर पुरस्कार सुरू झाले, तेव्हा लेखनासाठी पारितोषिके होती. त्यांतील एक तर मूकपटांच्या पाट्यांवरील मजकूर लिहिण्याबद्दल होते. मूकपटांत पात्रांचे बोलणे लेखी पाट्यांवरून वाचावे लागे. लवकरच बोलपट आले, पाट्या गेल्या आणि ते पारितोषिकही एकदाच देऊन बंद पडले. पुढे तेथील लेखकांनी आपली संघटना उभारली आणि १९४९ पासून ती आपले वार्षिक पुरस्कार देऊ लागली. आरंभी ते चित्रपटांसाठी होते. कालांतराने दूरचित्रवाणी आणि नभोवाणी यांवरील लेखनही त्यांत आले. या पुरस्कारांचे वैशिष्ट्य असे, की लेखकांचे लेखन लेखकच पारखतात. सोन्याची पारख सोनारानेच करावी, तसा हा प्रकार आहे.

ही संघटना आणखी एक महत्त्वाचे काम करते. एकाच चित्रपटावर अनेक लेखकांनी काम केलेले असले, की पडद्यावर कोणाचे नाव यावे, यावरून वाद होतो. अशा वेळी संघटना अनुभवी लेखकांस पंच म्हणून नेमते. पंचांपुढे सर्व मसुदे ठेवले जातात, परंतु त्यांवर लेखकांची नावे नसतात. ‘लेखक अ’, ‘लेखक ब’ एवढेच लिहिलेले असते. पंच कोण आहेत, हेही गुप्त राखले जाते. मसुद्यांचा कसून अभ्यास करून ते निर्णय देतात. ओळखीपाळखीस तेथे वाव राहत नाही.

नावासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर डाल्टन ट्रम्बो या अमेरिकन लेखकाच्या आयुष्यात सापडते. १९४७ साली तेथील लोकप्रतिनिधींच्या एका समितीने काही चित्रपट व्यावसायिकांना त्यांच्या राजकीय मतांविषयी प्रश्न विचारले. ट्रम्बो यांनी उत्तर देण्याचे नाकारले. त्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला, आणि निर्मात्यांनी त्यांना काम देण्याचे बंद केले. पोटासाठी ते टोपणनावाने लिहू लागले. एक मेक्सिकन मुलगा आणि त्याचा लाडका बैल यांच्यावरील ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटाची कथा त्यांनी ‘रॉबर्ट रिच’ या नावाने लिहिली. १९५७ साली तिला ऑस्कर जाहीर झाले. समारंभात नाव पुकारले गेले, पण रॉबर्ट रिच नावाचा मनुष्य जगात असेल तर येईल ना! त्याच्या वतीने दुसऱ्यानेच ते मानचिन्ह स्वीकारले. खरा लेखक सभागृहात येऊच शकत नव्हता. पुढे १९७५ साली ते मानचिन्ह ट्रम्बो यांच्या हाती आले. दुसऱ्याच वर्षी ते मरण पावले. ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटाच्या कथेचे ऑस्करही एका मित्राच्या नावावर गेले होते. ते १९९३ साली ट्रम्बो यांच्या पत्नीकडे सुपूर्द करण्यात आले, आणि २०११ साली लेखकांच्या संघटनेने त्या चित्रपटाच्या लेखनाचे श्रेय त्यांच्या नावे पूर्ववत केले. पुरस्कार होता, पण नाव नव्हते. अशा पुरस्काराने लेखकाच्या मनाचे समाधान कसे व्हावे?

भारतातही नावासाठी लेखकांना झगडावे लागले. १९७३ साली ‘जंजीर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईतील भिंतींवर त्याची मोठमोठी चित्रे लागली, पण त्यांवर लेखकांची नावे नव्हती. तेव्हा सलीम खान आणि जावेद अख्तर या लेखकद्वयाने एक रंगारी गाठला आणि त्याच्याकडून शहरभरच्या चित्रांवर आपली नावे रंगवून घेतली, अशी आठवण सांगितली जाते. घाईघाईने काम करणाऱ्या त्या रंगाऱ्याने ती भलत्याच ठिकाणी रंगविली, असेही सांगतात. गोष्ट हसण्यासारखी खरी, पण तिच्यामागील तळमळ हसण्यासारखी नव्हती.

ही तळमळ एकट्यादुकट्याने शमणारी नव्हती. मुंबईतील चित्रपटलेखकांची संघटना १९६० साली कायद्याने नोंदली गेली होती. आज ती स्क्रीनरायटर्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. लेखक आपले लिखाण या संघटनेकडे नोंदवून ठेवू शकतो. पुढे ती कथा कोणी चोरली, तर अमुक दिवशी ती त्याच्याजवळ होती, याचा पुरावा राहतो. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर अन्य मार्गांनी लेखनाचा आणि गीतांचा उपयोग होऊन जे उत्पन्न येते, त्यातील वाट्याचा लेखक-गीतकारांचा हक्क कोणासही काढून घेता येणार नाही, असे तिने ठरविले. २०२० साली या संघटनेनेही आपले पुरस्कार सुरू केले, आणि चित्रपट, दूरचित्रवाणी इत्यादींसाठी केलेल्या लेखनाची पारख लेखकांच्याच हाती सोपविली. नाव, मोबदला आणि मान या तीन गोष्टी एकमेकींशी अशा निगडित आहेत. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्यास मोबदला मागता येत नाही. आणि मान तर दूरच राहतो.

मात्र पुरस्कार म्हणजेच सर्वस्व, असे मानणे चुकीचे होईल. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. सुधीर फडके यांनी त्यास संगीत दिले. वर्षभर चाललेल्या त्या छप्पन्न गीतांसाठी लोक घड्याळाकडे डोळे लावून बसत. श्रोत्यांच्या कानांनी दिलेला हा मान कोणत्याही पदकाहून कमी नव्हता. डोंबिवलीत दीर्घकाळ राहिलेले शं. ना. नवरे यांनी कथा, नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा अनेक क्षेत्रांत लेखन केले. २०१३ साली ते निवर्तले, तरी डोंबिवली आजही त्यांना आपले लेखक म्हणून ओळखते. परीक्षकांचीही कधी चूक होते. चांगले लेखन मागे राहते आणि सामान्य लेखन पुढे जाते. पुरस्कार चांगल्या लेखनाकडे बोट दाखवितो. लेखनाला चांगले करण्याचे सामर्थ्य त्यात नसते.

चांगले लेखन किती टिकते, हे पुन्हा ‘श्यामची आई’नेच दाखविले आहे. याच पुस्तकावरून निघालेल्या नव्या चित्रपटास २०२३ सालच्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या सुवर्णपदकास त्या वेळी सात दशके लोटली होती. नट बदलले, दिग्दर्शक बदलले, यंत्रे बदलली. पण तुरुंगात बसून कागदावर उतरविलेले ते शब्द तसेच राहिले.

चित्रपट संपल्यावर पडद्यावर नावांची लांबलचक यादी सरकू लागते. बहुतेक प्रेक्षक तेव्हा उठून दाराकडे वळलेले असतात. कोणाला कल्याणची गाडी गाठावयाची असते, तर कोणाला डोंबिवलीची. पुढची गाडी थोड्याच वेळात येते. तेवढा वेळ थांबून लेखकाचे नाव वाचले, तर त्या अदृश्य लेखणीला प्रेक्षकाकडून मिळालेला तो छोटासा पुरस्कारच ठरेल.